मुंबई ते लंडन, बाराशे टप्पे

मला किलोमीटर कळत नाहीत, टप्पे कळतात. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. आमच्याकडे सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि गाडी कितीही लांबची असो, मोजायची ती टप्प्यांतच. तिसगावहून नगर सात टप्पे. नगरहून सुपा सहा. गावातलं कुणी विचारतं, "आप्पा, शिर्डी किती लांब हाय?" मी टप्पे सांगतो आणि तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहतो. बघू दे. मला राग येतो तो "हे काय, जवळच आहे, दहा मिनिटं" असं सांगणाऱ्यांचा. त्यांच्या दहा मिनिटांपायी मी कितीतरी म्हाताऱ्यांना भर उन्हात तासतास चालताना बघितलंय. अंतर सांगायचं तर मोजून सांगावं, नाहीतर गप बसावं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी खोड जात नाही. सकाळी पाथर्डी रस्त्याने अर्धा टप्पा जातो, अर्धा टप्पा येतो. बायको म्हणते, "फिराय गेलता का चेकिंगला?" तर असा मी. त्यामुळे आमच्या घरात लंडनचा विषय निघाला तेव्हा मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, आणि त्यात मी जी माती खाल्ली ती फक्त कंडक्टरच खाऊ शकतो.

आम्हाला एकच मुलगी. पुण्यात एका हॉस्पिटलात नर्स होती. तिच्याबरोबर शिकलेला एक मुलगा, आमच्याच तालुक्यातला, आईबापांनी ऊसतोडीला जाऊन शिकवलेला. शिकून तो लंडनच्या हॉस्पिटलात लागला होता. गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात तो सुट्टीवर आला, आणि दोघं येऊन आमच्यासमोर बसले. पोरगा सरळ. जेवण झाल्यावर आपलं ताट आपण उचललं, मोरीत नेऊन धुतलं आणि पालथं घातलं. बायकोनं ते बघितलं, मी बायकोकडे बघितलं. पसंती झालीच म्हणून समजा, असं माझ्या मनात आलं.

पण बायकोनं एकच प्रश्न विचारला. "हितनं सकाळी निघालं, तर दिवस मावळायच्या आत मानूस लंडनला पोचतं का?"

याला कारण तिच्या माहेरची रीत. लेक द्यायची ती अशा गावात, की बापानं सकाळी न्याहारी करून निघावं आणि दिवस मावळायच्या आत लेकीच्या उंबऱ्यात पाय ठेवावा. पूर्वी हे बैलगाडीवर मोजायचे, नंतर एसटीवर मोजायला लागले, पण रीत मोडली नाही. तिच्या सगळ्या बहिणी असल्याच अंतरावर दिल्यात. ती स्वतः सुप्याजवळच्या गावातून तेरा टप्पे येऊन माझ्या घरी आली. पत्रिका, गुण, मुहूर्त यांचं तिला काही नाही. ही एक रीत मात्र तिनं घट्ट धरलेली.

पोरगा खरं बोलणारा. तो तोंड उघडतोय असं दिसताच मी मधेच म्हणालो, "थांब रं. ते मी मोजून सांगतो." तो जर तिथंच नाही म्हणाला असता तर विषय मिटलाच होता.

तो गेल्यावर पोरगी माझ्यामागे गोठ्यापाशी आली. म्हणाली, "आप्पा, मला तोच पाहिजे. पण आईनं मनापासनं व्हय म्हनलं तरच. तिला रडवून मी कुटं जानार न्हाई." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. आता सांगा, माझ्यावर केवढं ओझं! एकीकडे बायकोची रीत, एकीकडे लेकीचा शब्द, आणि मधे मी, मोजणारा.

आधी अंतर. मोबाईलवर क्षणात दिसतं असं सगळे म्हणतात, पण दुसऱ्यानं मोजलेलं मी कधी धरलं नाही. हायस्कूलच्या भूगोलाच्या सरांकडून पृथ्वीचा गोल मागून आणला. बायकोच्या शिलाई मशीनच्या डब्यातून पांढरा दोरा काढला. मुंबईवर अंगठा, लंडनवर तर्जनी, आणि दोरा ताणला. सरांनी सांगून ठेवलं होतं की पृथ्वीच्या पोटाचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणून तो दोरा पोटाभोवती किती वेळा बसतो ते बघितलं. साडेपाच वेळा बसला. भागाकार केला, सहानं पुन्हा भागलं. बाराशे टप्पे, आणि वर थोडेसे.

बाराशे! मी आयुष्यात एका गाडीत सर्वांत जास्त मोजले ते शंभराच्या आत. मी तो दोरा हातात घेऊन ओट्यावर बसून राहिलो. वीतभरसुद्धा भरत नव्हता. गोलामागोमाग आलेला सरांचा पहिलीतला नातू म्हणाला, "येवढंच?"

बायकोला टप्पे सांगितले नाहीत. तिनं टप्पे विचारलेच नव्हते, वेळ विचारली होती. म्हणून मी पोराला निरोप धाडला, तू ज्या विमानानं जातोस त्याचं टाईमटेबल पाठव. त्यानं लगेच पाठवलं. मुंबईहून सुटणार दुपारी एक दहाला, लंडनला पोचणार संध्याकाळी सहा पाचला. मधे कुठं थांबा नाही.

टाईमटेबल वाचायला मला कुणी शिकवायचं? सुटायची वेळ, पोचायची वेळ, वजा केली. पाच तासांना पाच मिनिटं कमी.

मी खुर्चीतून उठलोच. बाराशे टप्पे पाच तासांत! धुळ्याला जायला आमची गाडी जवळजवळ तेवढाच वेळ घ्यायची, आणि त्यात येवल्याला चहा वेगळा. मला त्या विमानाच्या ड्रायव्हरबद्दल एवढा आदर वाटला की काय सांगू. तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सगळं समजावलं. पहाटे साडेतीनला जीप करून निघायचं, दहाला मुंबईचं विमानतळ, एकला विमान, सहाला लंडन. बाहेर पडून लेकीच्या घरी जायला धरा अजून तीन तास. नऊ. "आन् पोरगा म्हनतोय, तिकडं आता नऊच्या फुडंपत्तुर उजेड असतो."

"पाच तास?" ती म्हणाली. "खरं सांगता का माजी चेष्टा करता?"

"टाईमटेबल हाय माझ्या हातात! चेष्टा काय करायची त्यात?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तशी हसली. हातातलं पीठ झटकत म्हणाली, "मग येवढं काय घाबरवलं व्हतं मला लोकांनी! सातासमुद्रापल्याड, सातासमुद्रापल्याड!" आणि दुपारपर्यंत तिनं शेजारणीला, पलीकडच्या शेजारणीला आणि दूधवाल्याला सांगून टाकलं, की लंडन म्हणजे पाच तास, आपल्या लेकीचं जमलं.

मी लेकीला फोन लावला. छाती फुगलेली. पाच तासांचं ऐकलं आणि ती एवढी हसली, एवढी हसली, की तिच्या मैत्रिणी विचारायला लागल्या काय झालं म्हणून. मग म्हणाली, "आप्पा, ती दोन घड्याळं हायेत. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची वेळ तिथली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. विमानाला साडेनऊ तास लागत्यात."

तेहतीस वर्षांत मी जी जी टाईमटेबलं वाचली, त्यांत सुटायचं आणि पोचायचं घड्याळ एकच होतं. दुसरं असू शकतं हे माझ्या डोक्यात येणार कसं? पण चूक ती चूक.

लेकीचं हसणं थांबलं. "आप्पा, आईला काय सांगितलं तुमी?"

"ते मी बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

आता खरं सांगतो, मी तीन दिवस काही बोललो नाही. मनात एक युक्तिवाद शिजवला होता. सूर्य पश्चिमेला चाललेला असतो, विमानही पश्चिमेलाच. म्हणजे दिवस आपल्या शेजारच्या सीटवर बसून आपल्याबरोबर येतो. प्रवास साडेनऊ तासांचा होवो नाहीतर पंधरा, पोचताना उजेड आहे ना? रीतीत तास कुठं सांगितलेत? दिवस मावळायच्या आत, एवढंच आहे. कायद्यानं माझी बाजू पक्की होती. पण घरात मी चोरासारखा वावरत होतो. तिनं पाणी दिलं तरी मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि ती तर आनंदात. लाडू किती दिवस टिकतात, लोणचं विमानात नेऊ देतात का, असलं काहीतरी विचारत राहायची आणि मी वसकन् अंगावर जायचो. तिला वाटे, लेक जाणार म्हणून मी चिडतोय.

चौथ्या दिवशी दुपारी ती मटकी निवडत बसली होती. म्हणाली, "अवो, पाच तासाला मानशी दोन भाकरी बास व्हतील न्हाई का? का तीन बांधाव्या?"

बायको अंतर भाकरीत मोजते. माहेरी जायचं तर एक, शिर्डीला दोन, तुळजापूरला चार. तिचं हे माप मला ठाऊक होतं, आणि तिचं माप मी खोटं पाडलं होतं. मला राहवलं नाही. "दोन न्हाई, दहा बांध!" मी ओरडलो, आणि ओरडता ओरडताच सगळं सांगून टाकलं. दोन घड्याळं, साडेनऊ तास, पहाटेपासून धरलं तर आपल्या घड्याळानं बावीस तास, सगळं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"तीन दिस तुमाला ठाव व्हतं?"

"व्हय."

"अन् मी गावभर पाच तास, पाच तास करत हिंडले! आख्खी नोकरी इमानदारीचा डंका पिटला, अन् घरात असं?" तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी माझा युक्तिवाद पुढे केलाच, दिवस मावळत नाही म्हणून. तिनं तो नीट ऐकला. मग विचारलं, "हिवाळ्यात बी न्हाई मावळत?"

पोराला मी तेही विचारून ठेवलं होतं. "हिवाळ्यात तिकडं चार वाजताच अंधार पडतो."

"म्हंजी बाप आखाडात पोचनार, अन् पौषात न्हाई. वा रे रीत!" तिनं पदरानं नाक पुसलं. आणि मग तिनं ते विचारलं, जे मी मोजलंच नव्हतं.

"अन् तिला हिकडं यायचं झालं तर?"

कंडक्टरच्या तोंडात कुणी मारावी तसं झालं. आमची प्रत्येक फेरी जाता-येता धरली जाते. नुसती जाण्याची फेरी असते कुठं? आणि मी आठ दिवस फक्त जाणंच मोजत होतो. आपण लेकीकडं कसं पोचू, एवढंच. लेक आपल्याकडं कशी पोचेल, हे एकदाही नाही. मी तिथंच तिच्यासमोर बसून तोंडानं हिशेब केला. तिनं तिकडं पहाटे घर सोडायचं, सकाळचं विमान. येताना विमान सूर्याच्या उलटं, त्यामुळे दिवस अर्ध्यातच संपतो. मुंबईला उतरेल तेव्हा आपल्याकडं रात्रीचे अकरा. सामान घेऊन जीपनं तिसगाव, दुसऱ्या दिवशीची सकाळ.

"मधी एक रात्र जाती," मी म्हणालो. "कसंबी केलं तरी जाती."

ती मटकीतला एक खडा बोटांत धरून तसाच फिरवत राहिली. मला वाटलं, संपलं. लेकीला आता काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो, आणि एकही जुळेना.

मग ती बोलली ते तिच्या आईबद्दल. सासूबाई गेल्या त्याला पंचवीसेक वर्षं झाली. त्या दिवशी दुपारी त्यांचं एकदम जास्त झालं. तेव्हा गावात फोन एकाच दुकानात होता. निरोप आमच्या घरी पोचला तोवर नगरला जाणारी शेवटची गाडी निघून गेलेली, आणि मी ड्यूटीवर, मुक्कामाच्या गाडीवर, भलत्याच गावात. बायको दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा सगळं उरकलेलं. एवढं मला माहीत होतं. पुढचं मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं ते कधी सांगितलं नव्हतं.

"आई सारखी इचारत व्हती," ती म्हणाली, "निघाली का, निघाली का. भाऊ म्हनला, निघाली, वाटंवर हाय. मंग आईनं डोळं झाकलं. अन् मी निघालेच नव्हते. मी हितं चुलीम्होरं भाकरी थापत व्हते. मला ठावच नव्हतं."

तेरा टप्पे. मी आयुष्यात हजारो वेळा मोजले असतील ते टप्पे.

"तेरा टप्प्यावर दिली म्हनून काय झालं?" तीच म्हणाली. "रीत तर पाळली व्हती माज्या बापानं. सकाळी निघून दिवस मावळायच्या आत. तरी माज्या आईला खोटंच ऐकून जावं लागलं." आणि ती रडली. चांगली मोठ्यानं, मन मोकळं करून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. मला त्या वेळी लेकीचं लग्न वगैरे काही आठवत नव्हतं. वाईट वाटत होतं ते याचं, की इतकी वर्षं या बाईशेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं.

रडून झाल्यावर तिनं चूळ भरली, चहा ठेवला, दोघांनी घेतला. मग म्हणाली, "फोन लावा तिला. अन् माज्याकडं द्या."

मी स्पीकर लावून मोबाईल तिच्यासमोर धरला. पलीकडून लेक "आई" म्हणाली आणि थांबली. श्वास रोखून थांबली असणार, मला कळत होतं, कारण मीही तसाच थांबलो होतो.

"बाप्पू, कर लगीन," बायको म्हणाली. लेकीवर फार माया आली की ती तिला बाप्पू म्हणते. "मनापासनं सांगते. लंडन का फिंडन, जा. पोचशील तवा पोचशील, त्याचं काय न्हाई. फकस्त येक ध्यानात ठेव. मी कदी इचारलं, निघाली का, तर तू खरंच निघालेली आस. कुनाला माज्याशी खोटं बोलाय लावू नगंस."

"व्हय आई," लेक म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "निघंन. लगीच निघंन."

तुळशीचं लग्न लागल्यावर महिन्याभरात यांचं लग्न झालं. तिसगावच्या बाजारातल्या निम्म्या लोकांनी जेवताना मला विचारलं, "आप्पा, लंडन पाच तास ना?" मी ओरडून ओरडून प्रत्येकाला साडेनऊ सांगितलं. आता ते मला मुद्दाम विचारतात, आणि मी मुद्दाम चिडतो. दोन्हीकडून बरं चाललंय.

यंदा श्रावणात लेक लंडनहून पहिल्यांदा यायची होती. सुट्टी मिळणार, मिळणार, असं चार वेळा झालं आणि चार वेळा रद्द. शेवटी परवा सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. बायकोनंच उचलला. तिकडे पहाट होती, मागे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. लेक म्हणाली, "आई, निघाले."

बायकोनं मोबाईल मला दिला आणि सरळ बाहेर गेली. अंगणात उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला. शेजारीण धुणं वाळत घालत होती. तिनं वर बघून विचारलं, "काय ओ, लेक येनार व्हती ना? आली का?"

"न्हाई," बायको म्हणाली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं. "निघाली हाय. खरंच निघाली हाय."